निळ्या घोडीचा पांढरा पाय

१

टाळ्या वाजत असतानाच कॅमेरावाले काका म्हणाले, "ही ती नव्हे."

म्हातारा माणूस, चष्मा घरी विसरला असेल, असं समजून आधी कुणी मनावर घेतलं नाही. पण काका भिंतीपाशी गेले, चौकटीला नाक लावून उभे राहिले आणि वळले तेव्हा त्यांचा चेहरा पाहून टाळ्या आपोआप थांबल्या.

"पाय बघा," ते म्हणाले. "मागचा उजवा पाय पांढरा हवा. सिनेमा पाहिलेल्या कुठल्याही पोराला विचारा. इथे डावा पांढरा केलाय."

दोन दिवसांनी प्रदर्शन उघडायचं होतं. आज फक्त घरची माणसं आणि जुने कामगार बोलावले होते. हा स्टुडिओ एका सिनेमावर जगला आणि त्याच्याच आठवणीवर मरत होता. निळ्या घोडीचा सिनेमा, सगळा हातानं काढलेला. पारदर्शक शीटवर आधी रेषा, मग रंग, आणि खाली कागदावरचा देखावा ठेवून एकेक शीटचा फोटो. काम झालं की शीट धुवायची आणि पुन्हा वापरायची, असा तेव्हाचा काटकसरीचा कारभार. त्यामुळे हजारो घोड्या नळाखाली वाहून गेल्या. शेवटच्या प्रसंगाची एकच शीट उरली होती. घोडी धुक्यात निघून चाललीय, बरोबर मधोमध, आपल्याकडे पाठ करून. चौकटीत होती ती हीच, निदान असायला हवी होती.

मागच्या खुर्चीत एक निवृत्त फौजदार बसले होते. त्यांचा या कलेशी संबंध एवढाच, की त्यांच्या ताईनं उमेदीची सगळी वर्षं इथे शीट रंगवण्यात घालवली होती. ताईच्या डोळ्यांवर आता पडदा आलेला. जिना झेपत नाही, म्हणाली. "माझ्याऐवजी तू जा," सकाळी ती म्हणाली होती, "आणि कशी दिसते ते मला नीट येऊन सांग."

स्टुडिओ आता थोरल्या मालकांच्या सूनबाई चालवायच्या. चालवायच्या म्हणजे बुडू नये म्हणून हातपाय मारायच्या. हे चित्र एका संग्राहकाला विकून गळकं छप्पर दुरुस्त करायचं, हा त्यांचा शेवटचा बेत होता.

"चित्र रात्रभर कुणाच्या दुकानात होतं?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांच्या माना फ्रेमवाल्याकडे वळल्या. बिचारा इस्त्रीचा शर्ट घालून, कुणीतरी चौकटीचं कौतुक करेल या आशेनं दाराशी उभा होता. दुपारच्या आत तो पोलीस चौकीत बसलेला होता.

"साहेब, तुम्ही तुमच्या पद्धतीनं बघा," सूनबाई फौजदारांना म्हणाल्या. "उद्या संध्याकाळपर्यंत खरं चित्र आलं तर मी शब्दही काढणार नाही. नाही आलं तर लेखी तक्रार. मग त्याचं नशीब आणि तो."

२

घरी सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या आणि तरी घरात आंबट वास भरला होता.

"काचा पुसल्या व्हिनेगरनं," ताई म्हणाली. "बाटली कलंडली मेली. दोन-तीन दिवस झाले, जाता जात नाही वास. बस. कशी होती?"

फौजदार बसले. आईवडील गेले तेव्हा ते शाळेतही जात नव्हते. ताईनं लग्नाचं नाव काढलं नाही, स्टुडिओत नोकरी धरली आणि त्यांना वाढवलं. तिच्या बोटांना सदा निळा रंग. निळ्या नखांनी तिनं त्यांचे केस विंचरले, निळ्या नखांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले. पोलिसात भरती झाले त्या दिवशी तिनं मिठी मारली तर नव्या गणवेशावर निळा डाग पडला होता. तो घालवू नको म्हणून त्यांनी धोब्याशी भांडण केलं होतं.

"अरे, कशी होती? दातखीळ बसली का?"

"छान होती," ते म्हणाले. म्हाताऱ्या माणसाच्या जिवाला घोर कशाला, असा हिशोब त्यांनी केला. चोरीची गोष्ट गिळून टाकली.

"कुणी काही म्हणालं?"

"टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी."

ताई खुर्चीत मागे रेलली. पुष्कळ दिवसांचं ओझं उतरल्यासारखी तिची मान सैल झाली. तिनं चहाचा कप पुढे केला, आणि तिच्या निळसर नखांकडे बघत फौजदारांनी तो घेतला.

"एवढं आहे तर सिनेमाच बघ ना एकदा," ते म्हणाले. "मी शाळेतनं पाहिला, तू अजून नाही."

"ती घोडी मी इतकी बघितलीय, तिकीट कशाला काढू? रांधणारीची भूक वासानंच मरते, छोट्या."

साठी उलटलेल्या, एकेकाळी गुंडांना चळचळा कापायला लावणाऱ्या माणसाला जगात एकच व्यक्ती छोट्या म्हणत होती. त्यांनी मान खाली घालून चहा संपवला.

"उद्याही जातोस?" ताईनं विचारलं.

"काहीतरी हरवलंय त्यांचं. शोधून देतो."

ताईच्या हातातली बशी कपावर आपटली. "काय हरवलंय?"

"असेल काहीतरी," फौजदार म्हणाले आणि झोपायला गेले.

३

"पाकिटातून जे निघालं ते मी बसवलं," फ्रेमवाला म्हणाला. चौकीतल्या बाकावर रात्र काढून त्याचा इस्त्रीचा शर्ट पार चुरगळला होता. "मागून कागद डकवला, चारी कडांवर माझा शिक्का मारला. साहेब, तो कागद कुठे फाटलेला दिसला तर मला खुशाल चोर म्हणा. मला काय ठाऊक घोडीचा कुठला पाय कसा?"

"पाकीट तुला कुणी दिलं?"

"सूनबाईंनी. कपाटातून काढलं आणि सरळ माझ्या हातात."

बाहेर त्याची बायको डबा घेऊन उभी होती. "लोक आपापली चित्रं परत न्यायला लागलेत," ती म्हणाली. "काच कापून ठेवलीय, तरी नेतायत. चोराकडे नको म्हणे. साहेब, हा माणूस रस्त्यात सापडलेली छत्री परत द्यायला पावसात हिंडलेला आहे, भिजत." ती हसायला गेली आणि तिला रडू फुटलं. फौजदारांना तिच्याकडे बघवेना.

संग्राहक हॉटेलच्या खोलीत संत्रं सोलत बसला होता. कालच गावात आलेला, म्हणजे चौकट तयार झाल्यावर. माणूस रोखठोक होता.

"चोर माझ्याकडे आला असता तर मी चित्र घेतलं असतं, खोटं कशाला बोलू? पण कुणी आलंच नाही. मला हेच कोडं पडलंय. अशा चित्राला माझ्यासारखी चार खुळी गिऱ्हाईकं. चारही जणांना मी फोन केले. कुणाकडेच चोर गेलेला नाही. साहेब, जो चोरतो तो विकतो. हा विकत का नाही?"

स्टुडिओत परतल्यावर फौजदारांनी चौकट उलटी केली. मागचा कागद अखंड होता. चारी शिक्के जागच्या जागी. म्हणजे अदलाबदल चौकटीच्या आधीच झाली होती. फ्रेमवाल्याच्या हाती मुळात खोटं चित्रच आलं होतं, आणि नंतर गावात आलेला संग्राहकही सुटला. आता उरलं ते कपाट.

"कपाटाजवळ कोण कोण गेलं?" त्यांनी सूनबाईंना विचारलं.

"मी. कॅमेरावाले काका, ते चित्रं निवडत होते. आणि तुमच्या ताई येऊन गेल्या की, मागच्या आठवड्यात. शीट चिकटू नयेत म्हणून मधे पातळ कागद घालायला. अजून कुणी नाही."

फौजदारांनी मनातल्या मनात मोजलं: सूनबाई आणि काका. दोन. घरच्या माणसाला कोण मोजतं?

सूनबाईंना छप्पर वाचवायचं होतं, खोटं टांगून खरं गुपचूप विकलं तर दोन्हीकडून फायदा. पण मग त्या विकत का नव्हत्या? आणि स्वतःच पोलीस कशाला बोलावतील? राहिले काका. फौजदारांनी भिंग काढलं आणि घोडीच्या पाठीवरची रेषा निरखली. रेषा थरथरत होती. तेवढ्यात मागून काकांनी टेबलावर चहाचा कप ठेवला, आणि त्यांच्या हाताच्या कंपानं अर्धा चहा बशीत सांडला.

४

"माझा हात थरथरतो, मान्य," काका म्हणाले. त्यांना राग आला नव्हता. ते नुसते थकलेले दिसत होते. "सिनेमानंतर थोरल्या मालकांनी मला वाऱ्यावर सोडलं, तेही खरं. पण साहेब, ही घोडी मी वरून बघितलेली आहे, कॅमेऱ्याच्या डोळ्यातून. तिचा पाय चुकवीन होय? आणि चुकवलाच असता तर ओरडलो कशाला असतो? गप्प बसलो असतो तर कुणाच्या बापाला कळलं असतं?"

फौजदारांनी कपाट उघडायला सांगितलं.

दार उघडलं आणि आंबट वास आला.

"इथेही व्हिनेगरनं पुसलंय का?" फौजदारांनी विचारलं.

"छे. शीटचाच वास तो. जुनी शीट मरायला टेकली की अशी आंबते. मग आकसते, वळते, आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. याच्यावर औषध नाही. एकदा वास सुटला की संपलं."

फौजदार कपाटाचं दार धरून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांपुढे सताड उघड्या खिडक्या आल्या. नाही, ते स्वतःला म्हणाले, काचा कुणीही पुसतं.

"चौकट उघडा," ते म्हणाले.

काकांनी मागचा कागद कापला आणि शीट अलगद बाहेर काढली. "कोऱ्या शीटचा जुना गठ्ठा होता कपाटात, त्यातलीच आहे. आणि काम आमच्याच माणसाचं. हे बघा, रेषा पुढच्या बाजूनं आणि रंग मागच्या बाजूनं. बाहेरचा नकल्या पुढूनच रंगवतो आणि रेषा बुजवतो. इथे तसं नाही. फक्त हात बसलेला नाही रेषेला. आणि तो पाय."

"मागून दाखवा."

काकांनी शीट उलटी धरली. रंगाच्या बाजूनं घोडी ओबडधोबड दिसत होती, नुसते निळे थर. पण पांढरा पाय आता उजवा होता. अगदी जिथे हवा तिथे.

फौजदारांनी शीट हातात घेतली, सुलटी केली, पुन्हा उलटी केली.

"म्हणजे ज्यानं केली," फौजदार सावकाश म्हणाले, "त्यानं जुनी शीट टेबलावर पालथी ठेवली. तशीच वर नवी ठेवून रेषा गिरवली. आणि मग नवी शीट उलटून, सवयीनं, रेषेबरहुकूम मागून रंग भरला. म्हणून घोडी अख्खीच उलटी झाली. मधोमध आहे, पाठमोरी आहे, म्हणून बाकी कुठे कळत नाही. काका, शीट पालथी ठेवून कोण बसायचं?"

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर चुकवली. "रेषा काढणारे सुलटी ठेवायचे. मीही सुलटी. पालथी फक्त रंगवणाऱ्या बायकांपुढे यायची. त्यांना घोटाळा नको म्हणून नमुन्याचं चित्रसुद्धा आम्ही त्यांच्या भिंतीवर उलटंच टांगायचो. त्यांच्यासाठी घोडी तशीच होती. ज्यांनी सिनेमा पाहिला त्यांना तरी फरक कळला असेल, पण..."

"पण जिनं पाहिलाच नाही," फौजदार म्हणाले.

त्यांना कालचा चहा आठवला. कपाभोवतीची ती निळसर नखं आठवली. सगळं लहानपण ती नखं निळीच पाहिली, म्हणून काल ती निळी दिसली तेव्हा मनात काही टोचलंच नाही. आणि ताईनं ब्रश खाली ठेवून तर एक जमाना झाला होता.

"रंगवणाऱ्या बायकांपैकी आता किती जणी हयात आहेत?" विचारायची गरज नव्हती, तरी त्यांनी विचारलं.

"एकच," काका म्हणाले.

५

ताई दार उघडून खुर्चीत बसली होती, जणू त्यांचीच वाट पाहत.

फौजदारांनी जन्मभर माणसांकडून कबुली काढली होती. कुणाला दरडावून, कुणाला चहा पाजून. आज ते तिच्या पायाशी, लहानपणी बसायचे तसे बसले.

"ताई, व्हिनेगरची बाटली कुठाय?"

ती उठली. कपड्यांच्या कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून तिनं त्यांच्या मांडीवर ठेवला. झाकण निघालं आणि वास भपकन अंगावर आला. आत वाळल्या पानासारखी वळलेली एक शीट होती, आणि तळाशी निळ्या रंगाचा चुरा.

"पातळ कागद घालायला घेतली," ताई म्हणाली. "नुसता हात लावला रे. सगळा रंग सुटून माझ्या मांडीवर पडला. मीच रंगवलेली. माझी सही कुठं नव्हती त्या सिनेमात, पण हिच्यावरचा एकेक ठिपका माझा. आणि माझ्याच हातात गेली."

"सांगायचं होतंस."

"काय सांगू? आंधळ्या म्हातारीनं मोडली म्हणून? मला त्यांनी एवढ्या वर्षांनी बोलावलं होतं, छोट्या. खुर्ची दिली, पाणी दिलं, बाई म्हणाले." तिनं डब्याच्या काठावरून बोट फिरवलं. "म्हटलं, चुकलं की पुन्हा करायचं, हेच तर शिकवलं आम्हाला. ही आणि एक कोरी शीट पिशवीत घालून आणली. रंगाच्या पुड्या होत्या जपून ठेवलेल्या. काही दिसत नव्हतं नीट, पण हाताला पाठ होती ती. नंतर पातळ कागद उरलेत म्हणून पुन्हा गेले आणि ठेवून आले पाकिटात. चोरलं नाही मी काही."

"माहीत आहे."

"जमली ना पण? तू म्हणालास टाळ्या वाजल्या."

फौजदारांनी डोळे मिटले. आता बोलायचं तर ताईची लाज चव्हाट्यावर, न बोलायचं तर एका निरपराध माणसाचं घर उद्ध्वस्त. तिच्यासाठी गप्प बसावं असं त्यांना क्षणभर वाटलं, खरंच वाटलं, आणि स्वतःची शिसारी आली.

"ताई, फ्रेमवाला चौकीत आहे. कालपासून. चोर म्हणून."

ताई उठली. भिंत चाचपत दाराशी गेली आणि चपला शोधू लागली. "आणि तू मला काल छान होती म्हणालास," ती म्हणाली. "चल. हात दे, जिना आहे ना तिथे."

६

सूनबाईंनी डबा उघडून पाहिला आणि त्या मटकन खाली बसल्या. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. छप्पर, विक्री, प्रदर्शन, सगळं त्या मूठभर निळ्या चुऱ्यात संपलं होतं आणि ओरडायला समोर कुणी दुष्ट माणूसही नव्हता. त्यांनी चौकीत फोन केला. फ्रेमवाला सुटला, पण तो आभार मानायला किंवा शिव्या द्यायला आला नाही. बायकोच्या मागोमाग खाली मान घालून दुकानाकडे गेला. गल्लीतलं कुणी त्याच्याशी बोललं नाही, असं नंतर कळलं.

"एवढं सांगा," ताईनं विचारलं. "ओळखलंत कशावरून? रंग चुकला का?"

"रंग नाही चुकला, बाई," काका घाईनं म्हणाले. "रंग तोच."

"मग?"

फौजदारांना खोटं बोलायचं होतं. पण काल एकदा बोलून झालं होतं. ते काकांना म्हणाले, "तुमचं मशीन लावा."

प्रदर्शनासाठी आणलेला प्रोजेक्टर तयारच होता. अंधार झाला. ताईला पडद्याच्या अगदी पुढ्यात, हाताच्या अंतरावर बसवलं, आणि शेवटचं रीळ सुरू झालं. धुकं आलं. निळी घोडी आली, थांबली, वळली आणि पाठ फिरवून चालू लागली. तिचा पांढरा पाय एकदा दिसायचा, एकदा धुक्यात लपायचा.

ताई पुढे झुकली. तिनं डोळे बारीक केले.

"अगं बाई," ती हसून म्हणाली. "उलटी दाखवतायत. काका, रीळ उलटं घातलंत तुम्ही."

मशीन खरखरत राहिलं. ताईचं हसू थोडा वेळ तसंच चेहऱ्यावर राहिलं, मग विझलं. तिनं दोन्ही हात वर केले, हवेतच एक शीट धरल्यासारखे, आणि ती न दिसणारी शीट हळूच उलटी केली.

"अस्सं," ती म्हणाली. "मला माहीत होतं की रे हे. मागूनच रंगवतात, कुणालाही माहीत असतं. हाताला कुणी सांगितलंच नाही."

पडद्यावर घोडी लहान होत गेली. धुकं उरलं, मग तेही गेलं.

दिवे लागल्यावर ताईनं विचारलं, "मी केलेली कुठाय?" काकांनी ती तिच्या हातात दिली. "पाणी आणा थोडं. आणि फडकं."

"ताई, राहू दे ना," फौजदार म्हणाले. "ही मला हवी आहे. मी घरी लावतो."

"चुकलेली शीट भिंतीवर नसतात लावत, छोट्या. चुकली की धुवायची. आमच्या वेळेपासून नियम आहे."

सूनबाईंनी स्वतः तसराळ्यात पाणी आणून दिलं. ताईनं शीट आत बुडवली आणि फडक्यानं गोल गोल पुसायला लागली, घाई न करता, कोपऱ्यापासून. आधी पाठ गेली, मग मान. पाणी निळं झालं. पांढरा पाय सगळ्यात शेवटी राहिला, तर तिनं तो नखानं खरवडला. फौजदार शेजारी उभे होते. तिला थांबवायला त्यांनी हात पुढे केला, आणि तो तसाच पाण्यात टेकवून ते उभे राहिले.

ताईनं शीट उजेडासमोर धरली. दोन्ही बाजूंनी बोट फिरवून पाहिलं, कुठे काही उरलं नाही ना. मग ती काकांकडे दिली.

"घ्या," ती म्हणाली. "कोरी झाली. कुणाच्या उपयोगाला आली तर बघा."